भिंतीपाशी थांबायचं

आमच्या गार्सास गावच्या धक्क्याला फेरीबोट लागली की पाव्हणे उतरायच्या आधी पोरांचा गलका कानावर येतो. पिवळे सदरे, छातीला पितळी बिल्ला आणि तोंडाचा पट्टा सुरू. ही आमची छोटी गाईड मंडळी. दहा ते चौदा वयाची सात-आठ पोरं कायम असतात. चौदा पुरी झाली की बिल्ला उतरवायचा आणि तो पुढे ज्याच्या छातीवर लागणार त्याला पाठ शिकवायचा. पन्नास वर्षांवर हेच चाललंय आणि एवढ्या वर्षांत पाठ कुणी कागदावर उतरवलेला नाही. तो अर्धा तोंडात असतो आणि अर्धा पायांत. धक्का, जकातघर, रोझारी माउलीचं चर्च, निळ्या फरश्यांचं घर, नाटकघर. कुठे कोणत्या दगडावर उभं राहायचं आणि कोणत्या वाक्याला वळायचं, सगळं ठरलेलं.

पाठ म्हणताना श्वास घेतला तर घेतला. आणि मध्येच कुणी काही विचारलं की संपलंच, पोराची गाडी घसरते आणि पहिल्यापासून सुरू. मागे साओ पाउलोच्या एका डॉक्टरीणबाईंनी भर चर्चमध्ये घंटेचं वजन विचारलं, तर आमच्या डार्लानने त्यांना हाताला धरून पुन्हा धक्क्यावर नेलं. त्याही गेल्या बिचाऱ्या. उन्हाने टोमॅटोसारख्या लाल झाल्या, पण घंटेचं वजन कळलं त्यांना.

तर या मंडळीत जुसारा शिरली. अकरा वर्षांची, हाडकुळी, गुडघे कायम फुटलेले. आई धक्क्यावर तापियोकाच्या धिरड्यांची गाडी लावते. आईचं म्हणणं असं की देवाने या पोरीला घडवताना सगळी माती नाकालाच लावली, जिथे तिथे खुपसता यावं म्हणून. आठ महिने तिची शिकवणी चालली होती. पाठ तिला चोख आला होता, पण पाठ येणं वेगळं आणि पाठ येऊन गप्प राहणं वेगळं. जकातघर पिवळंच का? चर्चमधले एक संत घोड्यावर बसलेत आणि चर्च नदीकाठी, मग त्यांचा घोडा पोहतो का? मोठी पोरं कपाळाला हात लावत आणि पुढे चालू लागत.

आता त्या भिंतीचं सांगायला हवं. निळ्या फरश्यांच्या घराची पुढची, फरश्या लावलेली बाजू दाखवून झाली की पोरं डावीकडे गल्लीत वळतात. त्या अंगाला नुसती पांढरी भिंत आहे. खिडकी नाही, दार नाही, साधी पाटीसुद्धा नाही. त्या भिंतीपाशी गाईड उजवा हात वर करतो आणि थांबतो. मनातल्या मनात एक 'आमच्या बापा' प्रार्थना होईपर्यंत चूप. मग हात खाली, "आता पुढे", आणि वरात निघाली नाटकघराकडे. सांगायचं काही नाही, दाखवायचं काही नाही. पाव्हण्यांना वाटतं इथे काहीतरी भयंकर घडलं असणार. टोप्या काढतात. एका म्हाताऱ्या जर्मन गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कशाचं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. गावात मात्र कारणांना तोटा नाही. कुणी म्हणतं भिंतीत पाद्री पुरलाय, कुणी म्हणतं इथे गुलामांना फटके मारायचे, आणि गुत्त्यात बसणाऱ्यांना तिथे सोनं दिसतं. कारण प्रत्येकाकडे आहे, पुरावा एकाकडे नाही.

यंदा सप्टेंबरात नगरपालिकेच्या मनात आलं की पाठ लिहून काढावा, छापावा आणि पोरांना रीतसर ओळखपत्रं द्यावीत. काम दोना मार्लूसींकडे आलं. दोना म्हणजे आमच्याकडे नावाआधी लावायचं 'बाई'. बाई चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मायाळू, पण पर्समध्ये अजून खोडरबर बाळगणाऱ्या. वही घेऊन त्या पोरांबरोबर सगळा रस्ता चालल्या, लिहीत गेल्या, माना डोलावत गेल्या. भिंतीपाशी डार्लानने हात वर केला. डार्लान तेरा वर्षांचा, पोरांचा मुकादम. सगळे थांबले, बाई थांबल्या, हात खाली आला. आणि नेमकं तेव्हा जुसाराच्या तोंडून निघालं, "पण आपण इथे थांबतो का?"

झालं. बाईंनी चष्म्यावरून डार्लानकडे पाहिलं, डार्लानने जमिनीकडे पाहिलं. बाईंनी मग एकेकाला विचारलं आणि सात तोंडांतून सात गोष्टी बाहेर पडल्या. त्यात पुरलेले पाद्रीच दोन झाले. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की कारण माहीत नसताना लोकांना गप्प उभं करणं बरं नव्हे, असंच चाललं तर पोरं पाव्हण्यांना थापा मारतील, मारतातच आहेत. पुढच्या रविवारी परीक्षा. तोवर कुणी खरं कारण आणलं, सांगणाऱ्या माणसासकट, तर थांबा राहील. नाहीतर भिंतीवरून सरळ पुढे जायचं, छापील पाठात भिंत असणार नाही.

बाईंची पाठ वळली आणि पोरं जुसारावर तुटून पडली. "पन्नास वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं," डार्लान म्हणाला. "तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही?"

जुसारा तशीच घरी निघाली. त्या दिवशी घरी मक्याचा कुस्कुस अंडं घालून केला होता, तोही तिने चिवडत ठेवला. तिला ती भिंत आवडायची. सगळ्या पाठात तोंड बंद करायची तेवढी एकच जागा होती, आणि तिथे मोठमोठी माणसं, कॅमेरेवाली, घड्याळवाली, एका पोराच्या हाताकडे बघत मुकाट उभी राहायची. तिला फक्त कारण हवं होतं. भिंत जावी असं कुठे म्हटलं होतं तिने? आणि आता आपल्यामुळेच ती जाणार होती. शेवटी तिने ठरवलं की विचारलं आपण, तर शोधायचंही आपणच.

सोमवारपासून शाळा सुटली की तिची पायपीट सुरू झाली. रीत सोपी होती. प्रत्येक गाईडला एकाने शिकवलेलं, त्या एकाला आणखी एकाने. धागा धरून मागे मागे जायचं. पण जुन्या गाईडांना मधलं काही विचारून उपयोग नसतो, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. पाठ त्यांच्याही डोक्यात अख्खाच भरलेला. फेरीबोटीवर तिकिटं फाडणाऱ्या तिच्या मावसभावाने धक्क्यापासून सुरुवात केली आणि भिंतीपर्यंत येईतो बोट पलीकडच्या काठाला लागली होती, सत्तावीस माणसं फुकट गेली. बेकरीवाला बिउ, पन्नाशीला टेकलेला, कणीक मळता मळता सुरू झाला. जकातघराला त्याने लाटणं उचललं, चर्चला छातीवर क्रूस काढला, आणि भिंतीपाशी आल्यावर पिठाने माखलेला उजवा हात वर करून डोळे मिटून उभा राहिला. भट्टीतून जळका वास यायला लागला तरी हलला नाही. हात खाली आल्यावर जुसाराने विचारलं, का थांबलात? बिउ म्हणाला, का म्हणजे काय, तिथे थांबायचंच असतं. आणि पाव बघायला पळाला.

बिउनंतर आणखी तीन माणसं झाली. तिघांनीही हात वर केला, तिघांनाही कारण ठाऊक नव्हतं. बुधवारी धागा दोना इरासींच्या दुकानात पोचला.

इरासी म्हणजे आमच्या औषधवाल्या. साठीच्या, पांढरा कोट, तोंडाने फटकळ, पण मुलाबाळांच्या तापाला दुकान बंद असलं तरी उठून येणार. त्या लहानपणी गाईड होत्या हे गाव विसरून गेलं होतं. काउंटरशी पाच गिऱ्हाईकं उभी असताना जुसाराने विषय काढला. इरासी म्हणाल्या, इथे लादीवर उभ्या उभ्या काही आठवायचं नाही, त्याला पायाखाली गल्लीचे दगड लागतात, आणि मला आत्ता वेळ नाही. थांबायचं, प्रार्थना म्हणायची, पुढे जायचं, एवढं शिकवलं होतं, तेवढं मी पुढे शिकवलं. मग खोकल्याची बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता त्यांनी वर न बघता सांगितलं, "मला आमारोने शिकवलं. कालाफातो आमारो. त्याच्या आधी कुणीच नव्हतं. पाठ त्यानेच रचला."

दुकानातली गिऱ्हाईकंही वळून बघायला लागली. कारण आमारो म्हणजे कालाफातो, होड्यांच्या फटींत कापसाचा पीळ ठोकून वर डांबर ओतणारा, चौसष्ट वर्षांचा, एकटा, हसला तर गावात चर्चा होईल असा माणूस. पिवळा सदरा लांबून दिसला तरी तो वाट बदलायचा. त्याने पोरांना कधी शिवी दिली नव्हती, पण दिली असती तर बरं, असं पोरांना वाटायचं.

जुसारा बुधवारी गेली, त्याने हातोडी थांबवली नाही. गुरुवारी गेली, त्याने एवढंच सांगितलं की डांबर गरम आहे, लांब उभी राहा. ती लांब उभी राहिली. शुक्रवारी ती येऊन खाली बसली आणि कापसाचे पीळ वळून त्याच्या हाताशी ठेवू लागली. वळायचे कसे ते तिने दोन दिवस बघून घेतलं होतं. वीसेक पीळ झाल्यावर आमारोने विचारलं, तुला काय करायचंय त्या भिंतीचं?

"मीच विचारलं का थांबतो म्हणून," जुसारा म्हणाली. "आता माझ्यामुळे ते खोडणार आहेत."

"खोडू देत. बरं होईल."

"का?"

हा तिचा 'का' त्या माणसाला कुठे लागला कोण जाणे. त्याने हातोडी खाली ठेवली, उलट्या पडलेल्या नावेला टेकून बसला आणि बोलायला लागला. पन्नास वर्षांत कुणाशी बोलला नव्हता ते एका अकरा वर्षांच्या पोरीशी बोलला.

त्याची आई लिंदाल्वा. नऊ वर्षांची असताना तिला आतल्या दुष्काळी मुलखातून निळ्या फरश्यांच्या घरात आणलं, मुलीसारखी वाढवू म्हणून. मुलीसारखी म्हणजे काय, तर घरच्या मुली उठायच्या आधी उठायचं आणि त्या निजल्यावर निजायचं. पगार नाही, मुलीला कोण पगार देतं? सतराव्या वर्षी तिला आमारो झाला. बाप कोण ते तिने सांगितलं नाही आणि घरानेही विचारलं नाही, यावरून गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. बाळ खालच्या आळीतल्या एका धोबिणीकडे ठेवलं. लिंदाल्वाला महिन्यातून एक रविवार बाहेर सोडत. आमारोला त्या घराची पायरी चढायला मनाई होती.

तेव्हा त्या भिंतीत एक खिडकी होती. उंचावर, गजांची, स्वयंपाकघराची. खाली गल्लीत पोर नुसतं उभं दिसलं तरी हाकलून द्यायचे. पण पाव्हण्यांना घेऊन आलेल्याला कोण हाकलणार, आणि तेही घराण्याची तारीफ चालली असताना? म्हणून नऊ वर्षांच्या आमारोने चर्चमधल्या घंटावाल्या म्हाताऱ्याच्या मागे लागून गावाचा इतिहास घोकून घेतला. कोणत्या पणजोबाला पदक मिळालं, फरश्या समुद्रापलीकडून कोणत्या साली आल्या, सगळं. आणि बोटीवरून उतरणाऱ्यांना गाठून तो गाव दाखवायला लागला. गाव दाखवायची हौस नव्हती त्याला. त्याला त्या गल्लीत जायचं होतं, बाकीचं गाव वाटेत लागत होतं.

गल्लीत शिरलं की आवाज चढवायचा. मग हात वर करायचा आणि पाव्हण्यांना चूप करायचं. आत लिंदाल्वा लसूण कुटत असायची. ती बत्ता खलाच्या काठावर दोनदा आपटायची. म्हणजे ऐकलं, बरी आहे. ते ऐकू आलं की हात खाली. मालकीणबाई शेजारी उभ्या असल्या तर उशीर लागायचा, पण 'आमच्या बापा' म्हणेपर्यंत सहसा ठोके यायचेच. अशी पाच वर्षं गेली.

पुढे चौदाव्या वर्षी एक दिवस घरचा थोरला मुलगा आपल्या मित्रांना घेऊन गल्लीत उभा होता. आमारो त्याच्याच पणजोबाचं पदक सांगत होता. थोरला मित्रांना म्हणाला, बघा, आमच्या घराण्याचा इतिहास आमच्या मोलकरणीचं पोर सांगतंय. मित्र हसले, आणि पाव्हणेही हसले. आमारोचे कान तापले. त्या दिवशी त्याने हात वर केला नाही. भिंतीवरून तो सरळ पुढे निघून गेला, आत आई आहे हे माहीत असून.

नंतरच्या आठवड्यात त्याने पाठ नऊ वर्षांच्या इरासीला देऊन टाकला. भिंतीपाशी थांब, म्हणून सांगितलं. का, ते लाजेने सांगितलं नाही. थांब म्हणून तरी का सांगितलं, तर तोंडाला सवय होती, दुसरं काही नाही, असं तो जुसाराला म्हणाला. मग रेसीफे शहराच्या गोदीत कामाला लागला आणि नऊ वर्षं इकडे फिरकला नाही. सहाव्या वर्षी लिंदाल्वा तापाने गेली. निरोप त्याला तीन महिन्यांनी मिळाला. परत आला तेव्हा घर दुसऱ्याला विकलेलं होतं आणि खिडकी विटांनी बुजवलेली होती.

"ती खिडकीशी यायची ना रोज," आमारो म्हणाला. "आणि आवाज परका. पोर थांबणार आणि तिला कळणार की तो मी नाही. रोज नव्याने कळणार. ती मरेपर्यंत हे चाललं, आणि तुम्ही अजून थांबता. तुमचं ते गप्प होणं मला इथवर ऐकू येतं, पोरी. खोडू देत एकदाचं." आणि हातोडी उचलताना त्याने बजावलं, कुणाला सांगायचं नाही.

जुसाराने कबूल केलं. घरी जाताना तिला पहिल्यांदाच वाटलं की काही गोष्टी कळल्या नसत्या तर बरं होतं. तिला इतके दिवस कारण हवं होतं, आणि आता कारण होतं आणि ते कुणाला दाखवता येत नव्हतं. शनिवारी डार्लानने येऊन विचारलं, काही लागलं का हाताला? ती म्हणाली, हो. डार्लानचा चेहरा उजळला. ती म्हणाली, पण सांगणार नाही. तो तिच्याकडे असा बघत राहिला की हिला आता औषधासाठी दोना इरासींकडेच न्यावं.

रविवार उजाडला. प्रार्थना संपवून अर्धं गाव धक्क्यावर जमलं, कारण परीक्षा म्हटली की आमच्याकडे दुसऱ्याची बघायला सगळे येतात. बिउ आला. इरासी पांढरा कोट न घालता आल्या, म्हणून आधी कुणी ओळखल्याच नाहीत. सोमवारपासून एकेक जुना गाईड आपलं दुकान सोडून पाठ पुटपुटत होता आणि त्यांच्याही जिभेला खाज सुटली होती. जुसाराच्या आईने गाडी झाकून ठेवली आणि देवाचं नाव घेत मागून निघाली.

पहिली पाळी जुसाराची आली आणि ती पाठ बोलायला लागली. धक्का झाला, जकातघर झालं, चर्च झालं. एक अक्षर चुकलं नाही. इरासी चार पावलं मागून ओठ हलवत चालल्या होत्या, आणि जिथे पोरगी वळे तिथे त्याही वळत. निळ्या फरश्यांच्या घरापुढे जुसाराने पणजोबाचं पदक सांगितलं, तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा हलला. मग ती गल्लीत शिरली, भिंतीपाशी आली, हात वर केला आणि थांबली. सगळी गल्ली चूप झाली.

दोना मार्लूसींनी प्रार्थनेपुरतं थांबून विचारलं, कारण सापडलं का, बाळ?

"सापडलं," जुसारा म्हणाली. हात तिचा वरच होता. "पण ते माझं नाही. ज्यांचं आहे त्यांनी सांगू नको म्हटलंय."

कुणीतरी हसलं. डार्लानने डोळ्यांवर हात घेतला.  मार्लूसींना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटत असतानाच त्यांनी पर्स उघडून खोडरबर काढलं. म्हणाल्या, मग मला हे खोडावं लागेल. जुसाराच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण तिने तोंड उघडलं नाही.

"माझी आई होती तिथे," मागून आवाज आला.

आमारो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. धुतलेला सदरा घातला होता, पण नखांतलं डांबर तसंच. खोडताना बघायला आलो होतो, असं तो नंतर म्हणाला. लोक बाजूला झाले आणि तो पुढे आला. जुसाराला त्याने जे तासभर सांगितलं होतं ते इथे चार वाक्यांत संपवलं. आई आत होती. मी इथे थांबायचो, ती ठोके द्यायची. मग मला तिची लाज वाटली आणि मी थांबलो नाही, निघून गेलो. ती गेली तेव्हाही मी नव्हतो. मार्लूसींचं खोडरबर हातातच राहिलं. छापायचं म्हणजे साक्षीला आणखी कुणी आहे का, हे त्यांना विचारावं लागणार होतं. आमारोनेच सांगितलं, साक्षीला कुणी नाही, लिहू नका.

तेव्हा सगळ्यांचं लक्ष इरासींकडे गेलं. त्या जुसाराच्या शेजारी, गाईडच्या दगडावर येऊन उभ्या होत्या, कधी आल्या ते त्यांनाही कळलं नव्हतं, आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर आला होता.

"दोनदा वाजायचं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं कुणी लसूण कुटतंय. ते वाजलं की मी हात खाली घ्यायचे. प्रार्थना मी कधी पुरी म्हटलीच नाही."

"कधी?" आमारोने विचारलं.

"रोज. पाचही वर्षं."

आमारो म्हणाला, माझ्या आवाजाला द्यायची ती. परक्या पोरीला कशाला देईल? त्याच्या आवाजात राग होता, जणू इरासी त्याची थट्टा करत होत्या. पण इरासींना काही ऐकू येत नव्हतं. त्या भिंतीच्या वरच्या भागाकडे बघत होत्या, जिथे आता नुसता चुना होता. हळूहळू, एकेक शब्द आठवत त्या बोलल्या. पहिल्या दिवशी काहीच वाजलं नव्हतं. नऊ वर्षांची इरासी हात वर करून उभी होती, प्रार्थना संपत आली होती आणि पाव्हणे चुळबुळत होते. मग वरून एका बाईने विचारलं, तो कुठे आहे? हिने सांगितलं, बोटीवर गेला, लांब कामाला. बाईने विचारलं, मग तू का थांबलीस? ही म्हणाली, त्याने सांगितलंय. बाकी काही विसरलीस तरी चालेल, पण इथे थांब म्हणून.

"मी असं म्हणालो होतो?" आमारोने विचारलं.

"म्हणाला होतास. मला काय स्वप्न पडणार?"

"मग? ती काय म्हणाली?"

इरासी म्हणाल्या, "मग म्हणाली, 'म्हणजे सांगून गेलाय.' आणि दोनदा वाजवलं."

आमारोने भिंतीला हात टेकला. चौसष्ट वर्षांचा तो माणूस भर दुपारी, अर्ध्या गावासमोर रडला आणि कुणी त्याला गप्प केलं नाही. मार्लूसींनी खोडरबर पर्समध्ये टाकलं आणि वहीत लिंदाल्वाचं नाव लिहिलं. नाव लिहिताना त्यांनी जुसाराला विचारलं की आडनाव काय, आणि जुसाराने आमारोकडे पाहिलं. पण आमारोला आत्ता तिकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. तो इरासींना म्हणाला, पुन्हा सांग.

इरासींनी पुन्हा सांगितलं.